पसुचिकीछा : अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखाचा अर्थ

प्रियदर्शी सम्राट अशोकाने जनावरांसाठी दवाखाने काढले, हे वाक्य आपल्याकडे शालेय पुस्तकांपासून जयंतीच्या व्याख्यानांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्यामागील अभिमान अस्थानी नाही. परंतु ज्या लेखाच्या आधारे हे विधान केले जाते तो लेख मुळात काय सांगतो, हे क्वचितच पाहिले जाते. मूळ लेख वाचला असता दवाखान्याहून मोठी गोष्ट हाती येते, असे आमचे मत आहे. ती पालि वाङ्मयाच्या प्रकाशात तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे वाचन सिद्ध केले आणि पुढल्याच वर्षी गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात त्याला 'अंतियक' या यवनराजाचे नाव आढळले. हा अंतियक म्हणजे सीरियाचा दुसरा अँटिओकस. त्यामुळे अशोकाच्या काळनिश्चितीस बळकट आधार मिळाला आणि विद्वानांचे लक्ष स्वाभाविकपणे त्या नावावर खिळले. लेखाचा मुख्य विषय मात्र अंतियक नव्हे; तो आहे चिकित्सा. आपल्या राज्यात सर्वत्र, तसेच सीमेपलीकडे चोड, पांड्य, सातियपुत, केतलपुत यांच्या प्रदेशांत, ताम्रपर्णीपर्यंत, आणि अंतियक व त्याच्या शेजारच्या राजांच्या मुलखांत राजाने दोन प्रकारच्या चिकित्सांची व्यवस्था केली, असे तेथे म्हटले आहे. त्या दोन चिकित्सा म्हणजे 'मनुसचिकीछा' आणि 'पसुचिकीछा'.

'चिकीछा' म्हणजे चिकित्सा. पालित याच अर्थाचा शब्द 'तिकिच्छा' असा येतो. इमारत, शाळा, गृह असा अर्थ देणारा कोणताही शब्द या लेखात नाही. म्हणून 'पशूंची रुग्णालये' हे भाषांतर नव्हे, तो अनुमानाचा भाग आहे. लेखात जे स्पष्टपणे सांगितले आहे ते असे : माणसांना उपयोगी आणि पशूंना उपयोगी अशा औषधी जेथे जेथे नव्हत्या तेथे तेथे त्या आणविल्या व लावविल्या, मुळे आणि फळे यांचीही तशीच तजवीज केली, रस्त्यांवर विहिरी खणविल्या आणि झाडे लावविली. क्रियापदे सर्व प्रयोजक आहेत. राजाने आज्ञा दिली, कोणी रोपे वाहून नेली, कोणी खड्डे खणले. भिंती आणि छप्पर यांपेक्षा औषधीच्या रोपाला आणि विहिरीच्या पाण्याला या राजाने अगोदर महत्त्व दिले, असे दिसते. वैद्यकाची जाण असलेल्या कोणासही हा क्रम योग्यच वाटेल.

लेखाच्या अखेरीस विहिरी आणि झाडे कोणाच्या उपभोगासाठी, हे एका समासात सांगितले आहे : पशू आणि मनुष्य यांच्यासाठी. सातव्या स्तंभलेखातही रस्त्यांवरील वडांच्या सावलीसंबंधी हाच समास पुन्हा येतो. त्यात पशू आधी आहे, मनुष्य नंतर. समासातील शब्दक्रमावरून फार मोठे अनुमान काढणे योग्य होणार नाही. परंतु दोघांना एकाच शब्दात बांधणे आणि 'मनुष्य' या पदाला वर्णाचे कोणतेही विशेषण न लावणे, या दोन गोष्टी नजरेआड करता येणार नाहीत.

ही दृष्टी अशोकाला कोठून लाभली? मज्झिमनिकायातील महागोपालकसुत्त या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. श्रावस्तीच्या जेतवनात तथागतांनी भिक्खूंना कुशल गुराख्याचे अकरा गुण सांगितले. तो गुरांचे रूप व लक्षणे ओळखतो. माशांनी घातलेली अंडी वेळीच काढून टाकतो. जखम झाकतो. धूर करतो. पाण्यावर कोठून उतरावे, कोणते जनावर पाणी प्याले, वाट कोणती, चराऊ रान कोठे, हे त्याला कळते. तो सडातील सगळे दूध काढून घेत नाही. आणि कळपाचे नेते असलेल्या जुन्या बैलांचा विशेष मान ठेवतो. सुत्तात हे सर्व भिक्खूच्या साधनेचे दृष्टान्त आहेत. माशीची अंडी म्हणजे अकुशल विचार, जखम झाकणे म्हणजे इंद्रियसंवर, धूर करणे म्हणजे इतरांना धम्म विस्ताराने सांगणे.

परंतु दृष्टान्त ऐकणाऱ्याच्या अनुभवातला असेल तरच तो पटतो. जखमेवर माशी बसली की किडे पडतात, गोठ्यात धूर केला की डास आणि गोमाशा हटतात, वासराच्या वाट्याचे दूध राखले नाही तर वासरू खंगते, हे आजही आपल्या खेड्यांतील कोणत्याही गुराख्याला ठाऊक आहे. गुराख्याचे हे ज्ञान बहुतेक पोथ्यांत शिरले नाही, कारण गुराखी पोथ्या लिहीत नव्हता आणि लिहिणारे त्याच्याशी बोलत नव्हते. तथागतांनी मात्र ते धम्मदेसनेचे साधन म्हणून स्वीकारले आणि भिक्खुसंघाने ते मुखोद्गत राखले. पशुचिकित्सेच्या इतिहासात या सुत्ताला स्थान दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

दुसरा धागा अंगुत्तरनिकायातील अहिराजसुत्ताचा. सर्पदंशाने एका भिक्खूचा मृत्यू झाला असता तथागतांनी सापांविषयी वैर न सांगता मैत्री सांगितली. आणि ती मैत्री अपाद, द्विपाद, चतुष्पाद व बहुपाद अशा सर्व जिवांपर्यंत नेली. अशोकाच्या दुसऱ्या स्तंभलेखात द्विपाद, चतुष्पाद, पक्षी आणि जलचर यांच्यावर आपण नाना प्रकारचे अनुग्रह केले, असे राजा म्हणतो. ही समान पदावली केवळ योगायोगाची आहे, असे आम्हांस वाटत नाही.

याच्या शेजारी कौटिलीय अर्थशास्त्र ठेवून पाहावे. तेथेही घोड्यांचे आणि हत्तींचे वैद्य आहेत. चुकीच्या उपचाराने घोड्याचा रोग वाढल्यास दंडही सांगितला आहे. परंतु तेथील चिंता मुख्यतः राजाच्या संपत्तीची व सैन्याची आहे. अशोकाच्या लेखात पशू राजाचा असावा, अशी अट नाही. तो परक्या राज्यातला असला तरी चालतो.

अशोकाने पशुवध सर्वस्वी बंद केला, असे मात्र म्हणता येत नाही. पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण नित्य नव्हे, असे पहिला शिलालेख प्रांजळपणे नोंदवितो आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत असे वचन देतो. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी, तसेच सहा महिन्यांच्या आतील पिले यांना संरक्षण आहे. परंतु त्या यादीत गाय नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात नेमके याकडे लक्ष वेधले : अशोकाची आस्था सर्व जीवनाविषयी होती, एका विशिष्ट पशूच्या पावित्र्याविषयी नव्हती. करुणा आणि पूजा यांतील हा भेद फार महत्त्वाचा आहे.

सिंहलद्वीपात ही परंपरा दीर्घकाळ टिकली. चूळवंसात चौथ्या शतकातील राजा बुद्धदास याची कथा आहे. वारुळावर पडलेल्या एका आजारी सापाचे पोट चिरून त्याने रोग काढला व औषध लावले, असे तेथे वर्णिले आहे. कृतज्ञ सापाने त्याला रत्न दिले, हा कथेचा भाग सोडून देऊ. पण त्याच राजाने कठीण बाळंतपणात अडलेल्या चांडाल स्त्रीवर उपचार केल्याचेही तेथेच सांगितले आहे. इतिहासकाराने साप लिहिला आणि चांडाल स्त्री वगळली असे झाले नाही. राजाच्या वैद्यकीला दोघेही पात्र होते.

येथे आम्हांस महाडचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. २० मार्च १९२७ पूर्वी चवदार तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता. मज्जाव अस्पृश्य माणसाला होता. भूतदयेची भाषा त्या समाजातही होती. गायीला घास आणि मुंग्यांना साखर घातली जात होती. जनावरावरील दया म्हणजे माणसाला न्याय नाकारण्याचे प्रायश्चित्त होऊ शकत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले. अशोकाच्या विहिरीवर मात्र दोघांसाठी एकच पाणी होते.

आणि हा विचार महाराष्ट्राच्या भूमीवरही कोरलेला होता. सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा खंड मिळाला आणि १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, नवव्या शिलालेखाचा खंड सापडला. अन्यत्रच्या पूर्ण प्रतींवरून त्यांचा आशय कळतो. आठव्यात मृगयेच्या विहारयात्रा सोडून राजाने धम्मयात्रा स्वीकारल्याचे सांगितले आहे. नवव्यात आजारपण, विवाह, प्रवास अशा प्रसंगी लोक जी निरर्थक मंगलकार्ये करतात त्यांच्या जागी धम्ममंगल सांगितले आहे : दास व सेवकांशी योग्य वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान. दासाशी वर्तन आणि प्राण्यांविषयी संयम येथे एकाच यादीत, एकाच श्वासात येतात.

तेव्हा 'अशोकाने जनावरांचे दवाखाने काढले' एवढे म्हणून थांबू नये. दवाखाने पुढे अनेकांनी काढले. मुंबईचे पांजरापोळ १८३४ मध्येच उभे राहिले, त्यानंतर महाडच्या तळ्यासाठी ९३ वर्षे लागली. अशोकाचे वेगळेपण इमारतीत नसून त्या दोन जोडशब्दांत आहे. दारातल्या आजारी कुत्र्याला वा गुराला पशुवैद्याकडे नेणारा उपासक 'पसुचिकीछा' जपतो. ती 'मनुसचिकीछे'पासून कधीही तुटू न देणे, हे आपल्या धम्मबांधवांचे कर्तव्य आहे.