१२३४५६७८९८७६५४३२१ (डेम्लो संख्या)

एकापासून नऊपर्यंत चढून त्याच क्रमाने एकापर्यंत उतरणारी ही सतरा अंकी पूर्ण संख्या १११११११११ चा वर्ग असून, देवळालीचे शाळाशिक्षक व गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांमध्ये तिची गणना होते.

गुणाकार मांडताना नऊ एकांची तीच ओळ दर वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा लिहावी लागते. त्यामुळे उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन अशा क्रमाने वाढत मधोमध नऊ आणि पुढे पुन्हा घटत जाणारे १ पडतात, आणि कोणत्याही रकान्याची बेरीज नऊच्या वर जात नसल्याने हातचा घ्यावा लागत नाही. दहा एक घेताच हातचा येतो व वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा होऊन चढ-उतार मोडतो. म्हणजे ही देखणी रचना दशमान लेखनामुळे आहे. ३⁴ × ३७² × ३३३६६७² हे मूळ अवयव व त्यांतून मिळणारे ४५ विभाजक मात्र कोणत्याही लेखनपद्धतीत तेच राहतात, म्हणून ते अधिक महत्त्वाचे मानावे लागतात.

अंकांची बेरीज ८१ असून तिने संख्येला निःशेष भाग जातो, म्हणजे ही हर्षद संख्याही आहे.

डेम्लो संख्येचे तीन भाग पाडले असता पहिल्या व शेवटच्या भागांच्या बेरजेत मधल्या भागाचाच अंक पुनःपुन्हा येतो; येथे १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मधला अंक ९. कापरेकरांचा यावरील लेख १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. ‘डेम्लो’ हे नाव रेल्वेस्थानकावरून, बहुधा आजच्या डोंबिवलीवरून, पडल्याचे सांगितले जाते. दहा एकांच्या वर्गापासून पुढच्या संख्यांना हे नाव द्यावे की नाही, याबाबत एकवाक्यता नाही.

अशा संख्यांची आवड दख्खनमध्ये जुनी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. गुणाकार हारासारखा दिसावा अशी उदाहरणे त्यात असून, २७९९४६८१ × ४४१ = १२३४५६५४३२१ हे त्यांपैकी एक, म्हणजेच सहा एकांच्या ११११११ या संख्येचा वर्ग होय. १२३४५६७९ × ९ = १११११११११ हेही उदाहरण त्याच ग्रंथात असल्याने प्रस्तुत संख्येचे वर्गमूळ तेथे आधीच आलेले आहे.