खतं जाळणाऱ्यांना काय कळत होतं?

‘लोकांना राजकारणातलं काही कळत नाही’ हे वाक्य मी पुण्यात ऑफिसातही ऐकतो आणि ओझरला घरीही. फरक इतकाच, की ऑफिसात ‘लोक’ म्हणजे गावाकडचे आणि गावात ‘लोक’ म्हणजे पलीकडच्या वाडीवरचे. हे ऐकलं की मला आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातलं कर्डे आठवतं.

डिसेंबर १८७४. कर्ड्यातल्या एका सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध १५० रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचं घर पाडायला काढलं. गाव चिडलं. सावकाराची शेती कुणी करेना, न्हावी दाढी करेना, पाणी कुणी भरेना. पुढे १२ मे १८७५ ला सुपे इथे, बाजाराच्या दिवशी, लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं जाळली. मग पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. शाळेत आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणून दोन मार्कांना शिकलो ते हेच.

दोन मार्कांत एक गोष्ट राहून जाते. कागद मुकाट हवाली केले, तर सावकाराच्या अंगाला सहसा कुणी हात लावत नसे. भांडण माणसाशी नव्हतंच. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीन वर्षांपुरतंच चालणार होतं. हेतू कुळाला वाचवण्याचा. पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवं खत करून घेई, आणि कोर्टात चाले ते खत. सत्ता नेमकी कुठे बसली आहे, हे ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी अचूक ओळखलं होतं. ॲपच्या अटी न वाचता ‘मान्य आहे’ दाबणाऱ्या आम्ही त्यांना अडाणी म्हणायचं, ही गंमतच.

पण दुखणं एवढंच नव्हतं. १८६५ मध्ये अमेरिकेतली यादवी संपली आणि इथल्या कापसाचा भाव कोसळला. त्यातच १८६७ पासून सरकारने शेतसारा वाढवला. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तेव्हा सभासद व्हायला किमान ५० जणांचं मुखत्यारपत्र लागे, म्हणजे मतदान नसतानाही ‘तू कुणातर्फे बोलतोस?’ हा प्रश्न विचारला जात होता. ती सभा साऱ्याविरुद्ध अर्ज लिहीत होती.

दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला. आयोगाने दोष मुख्यतः सावकारावर ठेवला. १८७९ च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टने कर्जापायी होणारी कैद बंद केली, खतामागचा सगळा हिशेब तपासायची मुभा कोर्टाला दिली, खतं गावनिबंधकासमोर करायला लावली. मताचा अधिकार नसलेल्यांनी चार वर्षांत कायदा बदलायला लावला, हे मला आजही थोर वाटतं. सारा मात्र तसाच राहिला. आणि सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. आमच्या भाषेत, वर्कअराउंड.

म्हणजे ओरड शेतकऱ्यांची, पण ती कशाबद्दल होती हे लिहिलं आयोगाने.

आज कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गेल्या पावसाळ्यात मामाच्या गावी अशाच एका सभेला जाऊन बसलो. बिबट्या आणि रात्रीची वीज यावर तासभर हातघाईची भांडणं झाली. वीज रात्री येते, म्हणून पाणी द्यायला अंधारात शेतावर जावं लागतं आणि बिबट्याची गाठ पडते. असं एका बाईंनी दोन्हीचं नातं इतकं स्वच्छ मांडलं, की मी मोबाइल खाली ठेवला. महिन्याभराने मामाकडून इतिवृत्ताची प्रत मागवून वाचली. त्या तासाची एक ओळ होती : ‘विषयावर सविस्तर चर्चा झाली.’ मामाला म्हटलं, पुढच्या सभेत ते वाचून दाखवायला सांग. तो म्हणाला, “सांगतो की. पण त्या बाईंनाच घेऊन जातो.”