पेशींतील अग्नी आणि बडोद्याचे खमण

भोजनास यज्ञ मानण्याची आणि उदरातील उष्णतेस जठराग्नी म्हणण्याची आपली परंपरा प्राचीन आहे. देवालयातील महाप्रसादाच्या पंगतीत तो भाव आजही जागा असतो. परंतु हा अग्नी नेमका कोठे पेटतो व त्यास कोणती समिधा लागते, हे उमगावयास मानवास दीर्घ काळ लागला. त्या इतिहासातील एक पान बडोद्यात लिहिले गेले. त्याचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलनच होय, असे दाखविले. हे ज्वलन जठरात नव्हे, तर शरीरातील पेशींत चालते, हे पुढे सिद्ध झाले. १९२९ साली हार्वर्ड येथे आंध्रचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव व त्यांचे सहकारी फिस्के यांनी, आणि त्याच वर्षी जर्मनीत लोहमान यांनी, स्नायूंत ‘एटीपी’ हे फॉस्फरसयुक्त द्रव्य शोधून काढले. हे पेशीचे चलनी नाणेच होय. अन्नापासून मिळालेली शक्ती पेशी या नाण्याच्या रूपाने हाती ठेविते आणि हृदयाच्या स्पंदनापासून विचारापर्यंत सर्व व्यवहारांत खर्च करिते.

ग्लुकोज या शर्करेचा एक रेणू प्राणवायूच्या साह्याने पूर्ण जळाला, तर अशी सुमारे तीस नाणी पदरी पडतात. प्राणवायूवाचून तो अर्धवट फुटला, तर अवघी दोन. पूर्ण ज्वलनास मात्र प्राणवायूबरोबर ‘ब’ गटातील जीवनसत्त्वेही हवीत. शर्करा फुटून जो पदार्थ उरतो, त्यास पेशीच्या भट्टीत प्रवेश देणारे विकर थायमिनवाचून निकामी ठरते. रायबोफ्लेविनचेही त्या भट्टीत असेच काम आहे. पांढरा सडीक तांदूळ हेच मुख्य अन्न असणाऱ्या प्रदेशांत बेरीबेरीने माणसे दगावत, त्याचे कारण हेच. पोट भरलेले असे, पण इंधन पेटत नसे.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ साली बडोद्यास झाली. पुढील दशकात तेथे जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघाला आणि त्याची धुरा प्रा. सी. व्ही. रामकृष्णन यांनी वाहिली. २००९ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे वेंकी रामकृष्णन हे त्यांचेच चिरंजीव. मातोश्री आर. राजलक्ष्मी यांनीही बडोद्यातच पोषणशास्त्रात मोलाचे संशोधन केले. के. वनजा यांच्यासह १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी आंबविलेल्या इडली व खमणाचे पोषणमूल्य तपासले. पीठ आंबल्याने थायमिन व रायबोफ्लेविन ही दोन्ही जीवनसत्त्वे वाढतात, असे त्यात दिसून आले.

यातील मर्म सुंदर आहे. पिठातील सूक्ष्मजीव मुख्यतः प्राणवायूवाचून जगतात. त्यांना एका रेणूमागे फार थोडी नाणी मिळतात आणि बहुतेक शक्ती अन्नातच राहते. जगता जगता ते आपली जीवनसत्त्वे मात्र पिठात सोडून जातात.

आपल्या पूर्वजांस थायमिन ठाऊक होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यांजपाशी अनुभव होता, आणि तोही लहानसहान नव्हे. कोकणातील उकडा तांदूळ सडल्यावरही थायमिन बरेच राखून ठेवितो. पेजेमुळे पाण्यात उतरलेले सत्त्व वाया जात नाही. फणसाच्या पानांच्या द्रोणांत उकडलेले खोट्टे रात्रभर आंबलेल्या पिठाचेच असतात. उलट घाईपोटी पिठात सोडा घातला, तर आंबण्याचा लाभ तर जातोच, शिवाय मूळचे थायमिनही क्षाराने नष्ट होऊ लागते.

उत्सवप्रसंगी शेकडो पाने उठतात, आणि त्यांत ज्यांस एरवी पोटभर जेवण दुर्लभ अशी मुलेही असतात. अन्नदानाचे पुण्य केवळ पात्र भरण्यात नसून ते अन्न पेशीपेशीत प्रज्वलित होण्यात आहे. म्हणून देवालयांच्या पाकशाळांनी आदल्या रात्री पीठ भिजविण्याचा जुना परिपाठ सोडू नये व भाताचे पाणी ओतून देऊ नये, एवढेच आमचे नम्र निवेदन आहे.