भूकंप साताऱ्याचा, पंप सांगलीचा

अणुभट्टी पेटवण्यापेक्षा ती थंड ठेवणं कठीण. घरात एखादं तापट माणूस असलेल्यांना हे समजावून सांगायला नको. 1981 साली ख्रिस क्रॉफर्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थाचा 'स्क्रॅम' हा संगणकावरचा खेळ अटारी कंपनीने बाजारात आणला. त्यात राक्षस नाहीत, बंदुका नाहीत. नुसते पंप, झडपा आणि नळ! आपण निमूटपणे वीज करीत बसायचं. मध्येच भूकंप होतो, काहीतरी मोडतं. काय मोडलं ते आकडे बघून ओळखायचं आणि दुरुस्तीला माणसं धाडायची.

साताऱ्याकडच्या माणसाला यात खेळ कसला, हे कळायचं नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर हादरलं. सुमारे 180 माणसं गेली. 103 मीटर उंचीच्या धरणाला वरच्या अंगाला आडव्या भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. पुढे काँक्रीट घालून त्याला टेकू दिले.

हल्लीच्या खेळांत भट्टीची जुळणीही आपणच करायची. माझ्या भाच्याने चांगले चार पंप बसवले होते. तरी भट्टी वितळली.

"मामा, मी तर ती बंद केली होती!"

चूल विझली तरी निखारे असतातच की. भट्टी बंद केल्या क्षणी सहा-सात टक्के उष्णता उरते. हजार मेगावॉटच्या केंद्रात ती होते दोनशे मेगावॉटच्या आसपास. पलूसचे आमचे दाजी हे लांबून बघत होते. भट्टीचं शास्त्र त्यांना ठाऊक नाही, पण विहिरीचं आहे.

"आरं, चारी मोटारी एकाच डीपीवर? डीपी जळाली म्हंजे काय बादलीनं पानी वतनार? इंजिन कुठाय?"

11 मार्च 2011 ला फुकुशिमात इंजिनं होती. भूकंपाने भट्ट्या बंद झाल्या, डिझेल जनित्रं सुरूही झाली. मग त्सुनामी आली आणि तळघरातली जनित्रं बुडाली. तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं. इंजिन ठेवायचं तर विहिरीच्या काठावर, विहिरीत नव्हे, एवढं दाजींनी जपान्यांनाही सांगितलं असतं.

दाजींच्याच तालुक्यात, तेव्हाच्या औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला. आधी नांगर, मग पंप. कल्पक्कमच्या अणुभट्टीसाठी वितळलेलं सोडियम फिरवणारे पंप याच किर्लोस्कर ब्रदर्सने घडवले. आणि गंमत बघा, हे सोडियम 98 अंशांखाली गोठतं. त्यामुळे भट्टी थंड ठेवणाऱ्या त्या नळांनाच शेगडी लावून ऊब द्यावी लागते!