संगणक वारंवार बंद पडत असल्यास आधी डिस्क तपासा

संगणक काम करता करता गोठणे किंवा निळा पडदा येऊन बंद पडणे, असे वारंवार घडू लागले की व्हायरसचा संशय घेऊन विंडोज नव्याने टाकण्याकडे अनेकांचा कल असतो. दोष डिस्कमध्ये असेल, तर या घाईत सारी माहिती गमावण्याचा धोका असतो. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत प्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ ही तपासणीही त्यानंतरच करावी. अखेरच्या घटका मोजणारी डिस्क त्या ताणाने पुरती निकामी होऊ शकते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या व्यवस्थेत ठेवत असते. साटा डिस्कच्या नोंदीत क्रमांक ५ व १९७ यांचे आकडे वाढत असतील, तर सेक्टर खराब होत आहेत आणि डिस्क बदलणेच इष्ट. केवळ १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा डेटा केबलचा असतो. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच क्रमांक ०५, सी५ आणि सी७ असे दिसतात. केबल बदलल्यावर १९९ चा आकडा शून्यावर येत नाही, तो वाढायचा थांबतो. नोंद निर्दोष असतानाही डिस्क, विशेषतः एसएसडी, अचानक बंद पडल्याची उदाहरणे आहेत.