तुंबाड चित्रपटाला मिळालेला प्रेक्षकप्रतिसाद

तुंबाड हा १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला, कोकण आणि पुण्याच्या पार्श्वभूमीवरील हिंदी भयपट आहे. राही अनिल बर्वे यांनी त्याचे दिग्दर्शन केले असून आदेश प्रसाद हे सहदिग्दर्शक, तर आनंद गांधी हे सर्जनशील दिग्दर्शक होते. निर्माते सोहम शाह यांनीच विनायक रावची मध्यवर्ती भूमिका केली. प्रथम प्रदर्शनात चित्रपटाला मर्यादित प्रेक्षक लाभले. मात्र पुढील सहा वर्षांत त्याची कीर्ती वाढत गेली आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याने मूळ प्रदर्शनाच्या दुपटीहून अधिक उत्पन्न मिळवले. भारतीय भयपटाच्या बाबतीत असा उलटा प्रवास दुर्मीळ असल्याने या चित्रपटावरील प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया हा स्वतंत्र चर्चेचा विषय ठरला आहे.

(या लेखात चित्रपटाच्या शेवटाचा उलगडा केलेला आहे.)

पार्श्वभूमी

चित्रपटाचे नाव श्रीपाद नारायण पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीवरून सुचले आहे. नावापलीकडे दोन्ही कृतींत फारसे साम्य नाही. पेंडशांची कादंबरी जगबुडी नदीकाठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची कथा सांगते. तिच्यात राक्षसही नाही आणि शापित धनही नाही. कथेचे बीज नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथेत आहे. विदर्भातील नागझिरा अभयारण्यात १९९३ साली एका मित्राने ही कथा ऐकवली आणि आपण विलक्षण घाबरलो, असे बर्वे यांनी सांगितले आहे. पटकथेचा पहिला खर्डा त्यांनी १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला. प्रत्यक्ष चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले. संकलनानंतर चित्रपट मनासारखा न उतरल्याने त्याचा मोठा भाग पुन्हा लिहून २०१४–१५ मध्ये नव्याने चित्रित करण्यात आला. पडद्यावर अखंड कोसळणाऱ्या पावसासाठी खऱ्या पावसाळ्यांची वाट पाहण्यात आली. वाड्याची दृश्ये सासवड येथील पुरंदरे वाड्यात घेतली गेली. सततच्या पावसाने शापित दाखवलेला हा वाडा प्रत्यक्षात पर्जन्यछायेच्या पुरंदर तालुक्यात आहे.

कथानक आणि कलाटणी

कथा १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन कालखंडांत घडते. पूर्तीच्या देवीचा थोरला पुत्र हस्तर सोन्याच्या आणि धान्याच्या लोभाने शापित होतो. सोने त्याच्याजवळ राहते, पण धान्य त्याला कधीच मिळत नाही. म्हणून तो कायम भुकेला असतो. तुंबाडच्या वाड्यातील एक घराणे त्याचे मंदिर बांधते आणि गावावर देवांचा कोप पावसाच्या रूपाने कोसळतो. या घराण्याशी रक्ताचे नाते असलेला विनायक मोठेपणी वाड्यात परततो, विहिरीतून देवीच्या गर्भात उतरतो, कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवून हस्तरच्या लंगोटातील मोहरा पळवतो आणि पुढे हीच विद्या आपला मुलगा पांडुरंग याला शिकवतो.

कलाटणी शेवटच्या भागात येते. अनेक बाहुल्या एकाच वेळी नेऊन अख्खा लंगोटच हिसकावण्याची कल्पना मुलगा मांडतो. तेथे गेल्यावर कळते की जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. मुलाला वाचवण्यासाठी विनायक बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून हस्तरांना आपल्याकडे ओढतो आणि शापित होऊन बाहेर येतो. तो लंगोट मुलापुढे धरतो. पांडुरंग तो नाकारतो आणि लहानपणी विनायकाने शापित म्हातारीला झोपवण्यासाठी वापरलेलेच शब्द उच्चारून बापाला अग्नी देतो.

ही कलाटणी फसवी नाही, हे बहुतेक प्रेक्षकांनी तिचे वैशिष्ट्य मानले. एका बाहुलीमागे एक हस्तर हा नियम आधीच्या प्रत्येक फेरीत डोळ्यांसमोर असतो. तो विनायकाच्या लक्षात येत नाही, तसा प्रेक्षकाच्याही येत नाही. चित्रपट दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांची संख्या मोठी असण्याचे एक कारण येथे सापडते.

पहिले प्रदर्शन

२९ ऑगस्ट २०१८ रोजी ७५व्या व्हेनिस आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ 'तुंबाड'ने झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट होता. समीक्षकांनी पंकज कुमार यांचे छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि डॅनिश संगीतकार येस्पर किड यांचे पार्श्वसंगीत यांची प्रशंसा केली. पुढे ६४व्या फिल्मफेअर पुरस्कारांत चित्रपटाला आठ नामांकने आणि छायाचित्रण, कलादिग्दर्शन व ध्वनिआरेखन असे तीन पुरस्कार मिळाले.

तिकीटखिडकीवर मात्र पहिल्या दिवशी सुमारे ६५ लाख रुपयांचीच कमाई झाली. चित्रपटात मोठा तारा नव्हता आणि विषय अपरिचित होता. त्याच आठवड्यात इतरही हिंदी चित्रपट प्रदर्शित झाले आणि पुढील आठवड्यात 'बधाई हो' आला. तोंडी प्रसिद्धीच्या बळावर 'तुंबाड' काही आठवडे टिकला आणि एकूण उत्पन्न साडेतेरा कोटी रुपयांच्या आसपास गेले.

या काळातील नाराजीचा सूर प्रामुख्याने अपेक्षाभंगाचा होता. भयपट म्हणजे दचकवणारी दृश्ये, असा हिंदी प्रेक्षकाचा अनुभव होता. येथे हस्तर कमी वेळ दिसतो आणि बराचसा काळ माणसांच्या व्यवहारात जातो. सावकार, पेढी, रखेल, घरात पीठ दळणारी बायको. 'भीती वाटली नाही' ही तक्रार म्हणूनच वारंवार आली. दुसऱ्या बाजूने, भीती राक्षसाची नसून बापाला मुलाच्या डोळ्यांत दिसणाऱ्या स्वतःच्याच लोभाची आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. चित्रपटाच्या गाभ्याशी हे दुसरे वाचन अधिक जुळते.

मराठी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया

मराठी प्रेक्षकांची प्रतिक्रिया काहीशी वेगळी होती. वाडे, पेहराव, नऊवारी आणि अनिता दाते, ज्योती माळशे, दीपक दामले यांसारखे मराठी कलावंत यांमुळे अनेकांना हा 'हिंदी बोलणारा मराठी चित्रपट' वाटला. असा चित्रपट मराठीत का झाला नाही, ही खंत त्यातूनच व्यक्त झाली. धारपांच्या वाचकांना त्यांची 'आजी' ही कथा ओळखीची वाटली. ती कथाही स्टीफन किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवर बेतलेली आहे. त्यामुळे वाड्यात साखळदंडाने बांधलेल्या म्हातारीचा वंशवृक्ष अमेरिकेतील मेन राज्यापासून पुण्यामार्गे कोकणात पोहोचतो.

मराठी प्रेक्षकाला मानसिक भयाचे कथानक नवे नव्हते. वसंत जोगळेकर दिग्दर्शित 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) मध्ये भुताच्या भीतीचा उलगडा मनोविकार आणि मानवी कारस्थान यांच्या आधारे होतो. आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर यांचा हा चित्रपट त्यातील गाण्यांमुळे आजही स्मरणात आहे. 'तुंबाड'च्या एक वर्ष आधी आलेल्या विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त स्त्रीभ्रूणहत्येचा प्रश्न उसाच्या फडातील भयकथेतून मांडला गेला आणि २०२१ साली 'छोरी' या नावाने त्याची हिंदी आवृत्ती निघाली. या तिन्ही चित्रपटांत भीतीचे मूळ अखेर घरातच सापडते.

आक्षेपही घेतले गेले. स्त्रिया कथेत सोसण्यापुरत्या येतात आणि निर्णय पुरुषांच्याच हाती राहतात, हा त्यांपैकी सर्वांत वजनदार होय. विनायकाची आई तुंबाड सोडण्याचा निर्णय घेते, हा त्यास एकमेव ठळक अपवाद. खोती, सावकारी आणि स्वातंत्र्य यांचा संदर्भ पुरेसा फुलवला नाही, असेही मत मांडले गेले. १९४७ मध्ये वाडा सरकारजमा होण्याचा प्रसंग कथेला गती देतो. कोकणातील खोती कायद्याने रद्द झाली ती मात्र १९४९च्या अधिनियमान्वये.

हस्तर पुराणांत आहे काय?

चित्रपट पाहिल्यानंतर सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न हाच असावा. कथा दंतकथेच्या थाटात, बापाने मुलाला सांगितल्याप्रमाणे सुरू होत असल्याने ती प्राचीन आहे असा अनेकांचा समज झाला. हस्तर किंवा पूर्तीची देवी यांचा उल्लेख पुराणांत किंवा कोकणातील लोकदैवतांत आढळत नाही. दोन्ही चित्रपटासाठी रचलेली पात्रे आहेत. नावाचे साम्य अँब्रोस बिअर्स यांच्या १८९०च्या दशकातील एका कथेतल्या 'हास्तूर' या मेंढपाळांच्या देवाशी आहे. हे नाव पुढे रॉबर्ट चेंबर्स आणि एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या लेखनात शिरले व तेथे त्याला भयाची छटा आली. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील तुंबाड गाव मात्र खरे आहे. तेथे शाप किंवा गुप्तधन असल्याच्या समाजमाध्यमांवरील गोष्टींचा उगम चित्रपटात आहे, गावात नाही.

पुनर्प्रदर्शन आणि नंतर

चित्रपट ॲमेझॉन प्राइम व्हिडिओवर आल्यानंतर त्याचा प्रेक्षकवर्ग विस्तारला. यूट्यूबवर शेवटाचा अर्थ उलगडणाऱ्या चित्रफिती निघाल्या आणि 'मोठ्या पडद्यावर पाहायचे राहून गेले' ही हळहळ सातत्याने व्यक्त होऊ लागली. २०२४ च्या पुनर्प्रदर्शनाला या भावनेचे पाठबळ होते. पहिल्याच शनिवार-रविवारपर्यंतची कमाई २०१८ मधील तेवढ्याच दिवसांच्या कमाईहून जास्त झाली आणि एकूण आकडा तीस कोटी रुपयांपलीकडे गेला. त्या वेळी तो भारतात पुनर्प्रदर्शित चित्रपटांतील सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. २०२५ मध्ये 'सनम तेरी कसम'ने हा उच्चांक मोडला. घरी विनामूल्य वा अल्प दरात उपलब्ध असलेल्या चित्रपटासाठी प्रेक्षकांनी तिकीट काढले, ही बाब चित्रपटव्यवसायात विशेष चर्चिली गेली.

पुनर्प्रदर्शनाबरोबरच सोहम शाह यांनी 'तुंबाड २'ची घोषणा केली. त्याच सुमारास बर्वे यांनी आपण पुढील भागाशी संबंधित नसल्याचे जाहीर केले. 'तुंबाड' हा आपल्या नियोजित त्रयीचा पहिला भाग असून 'पहाडपांगिरा' आणि 'पक्षितीर्थ' ही पुढील दोन चित्रपटांची नावे आहेत, असे त्यांनी नमूद केले.