शरणपूरची सुतारशाळा

निफाड तालुक्यातील ओझरला १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तेथे हयात घालविलेल्या काही पुरुषांच्या वाट्याला निवृत्तीनंतर जे मुकेपण येते, ते घरच्यांनाही नीट उमगत नाही. पगार थांबल्यापेक्षा शेजारच्या यंत्रावरचा सोबती सुटल्याचे दुःख मोठे असते.

अशा पुरुषांसाठी ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात ‘मेन्स शेड’ सुरू झाल्या. २००७ साली त्यांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. सामाईक शेड, सुतारकामाची हत्यारे, दुरुस्तीला आलेल्या खुर्च्या आणि चहा. समोर बसवून ‘मन मोकळे करा’ म्हटले की पुरुष गप्प होतो. शेजारी उभा राहून रंधा मारताना आपोआप बोलू लागतो.

आम्हांला याचे फारसे नवल वाटत नाही. नाशिकचे शरणपूर चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसविले. मंडळी प्रॉटेस्टंट, पण पंथभेदाने इतिहासाचे ऋण फिटत नाही. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली काही आफ्रिकी मुले तेथे धाडली गेली. गाव, आईबाप, भाषा, सारेच हरपलेले. सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर ती तेथे शिकली.

त्यांतील जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आदी तरुण १८७२ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीस आफ्रिकेत गेले. पुढच्याच वर्षी चितांबोच्या गावी तो वारला. आता पांगणे सोपे होते. परंतु सुसी, चुमा व हे तरुण इतर सोबत्यांसह एकत्र राहिले. हृदय झाडाखाली पुरले, जेकबने अंत्यविधीची प्रार्थना वाचून खोडावर नाव कोरले आणि सर्वांनी ते शव कित्येक महिने वाहत समुद्रकिनारी आणले. १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील दफनाच्या वेळी शवपेटी धरणाऱ्यांत जेकबही होता. एकेकटी विकली गेलेली ही मुले सोबत राबण्याची सवय शरणपुरात शिकली असावीत, असे आम्हांस वाटते.

तथापि नुसते गुणगान नको. ही इंग्रजी नावे त्यांनी निवडलेली नव्हती. १८७५ साली शरणपूरच्या बऱ्याच आफ्रिकींना मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउनला नेण्यात आले, तोही बेत मिशनचाच. शेडमध्ये माणूस आपल्या पायांनी येतो, हा भेद लहान नव्हे.

पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत जोसेफ यांचा सण ठरविला. या सुताराच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. आपल्या धर्मग्रामांतही असे अबोल कारागीर आहेत, आणि मोडकी बाके तर प्रत्येक सभागृहात आहेत. एखाद्या शनिवारी ती दुरुस्तीस काढता येतील.